सकाळी मिटत नाही ती मूठ

वाचकाचं पत्र:

नमस्कार मॅडम, मी डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. वय ५४. चतुर्थीच्या थोडं आधीपासून, म्हणजे पाच महिने होत आले, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठच मिटत नाही. आदोळीवर बसून नारळ खवणं सोडलं. फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडतो. फार्मसीतून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणते, सकाळ-संध्याकाळ एकेक. त्यावर दिवस निघतो, पण आता पोटात जळजळ सुरू झाली आहे. ब्लडप्रेशरची आणि कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून चालू आहे. पुण्याच्या मुलाने क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत, ५०० मिलिग्रॅमच्या. वनस्पतीतल्या फ्लेवोनॉइडने सूज मुळापासून जाते, उंदरांवर सिद्ध झालं आहे, असं जाहिरातीत लिहिलं आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात निर्गुडीचा काढा घे. सासूबाई म्हणतात सोलकढी बंद कर, आंबटाने सांधे धरतात. पेनकिलर सोडून कॅप्सूल सुरू करू का?
एक शिक्षिका

बाई,

सोडायची गोळी तुम्ही बरोबर ओळखलीत. तिच्या जागी काय घ्यायचं, तिथे मात्र घाई होते आहे.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. औषधशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे गोळी पोटात गेल्यावर काय करते हे सांगू शकते. तुमचा हात हातात घेऊन तपासणं माझं काम नाही. पण ते काम कुणीतरी याच आठवड्यात करायला हवं. तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे: ‘तासभर’.

वयोमानाने सांधे झिजतात तेव्हाही सकाळी आखडतात, पण दहा मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि चार पावलं चालल्यावर सुटतात. त्या दुखण्याचा ओढा बहुतेक गुडघ्यांकडे किंवा बोटांच्या शेवटच्या पेरांकडे. तुमचं तसं नाही. दोन्ही हात सारखेच, मनगटंही, आखड तासभर, आणि हे पाच महिने. यावरून मनात पहिला येतो तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात, आपण ज्याला आमवात म्हणतो तो. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि पुढे कूर्चा आणि हाड कुरतडू लागते. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा जास्त होतो. तोच असेल असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर चिकुनगुनियाही सांध्यांची अशीच दशा करतो आणि महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. ताप आला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही; डॉक्टरांना मात्र आठवणीने सांगा. ते रक्त तपासतील: सूज किती ते दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या चाचण्या, आणि आमवाताच्या खुणा शोधणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, अँटी-सीसीपी. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका. आजार असूनही तो निगेटिव्ह येणारे बरेच असतात. डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवतील.

एवढी घाई का? आमवात पहिल्या काही महिन्यांत पकडला तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं हाडाची खराबी रोखू शकतात. उशीर झाला की बोटं वाकडी होतात, आणि वाकलेलं बोट कोणत्याही गोळीने सरळ होत नाही. डायक्लोफिनॅक यातलं काहीच रोखत नाही. ते दुखणं झाकतं, खाली कुरतडणं चालूच. (मेथोट्रेक्सेट दिलंच तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्याने जिवावर बेतलेले रुग्ण आहेत. वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.)

आता त्या डायक्लोफिनॅकचा हिशेब. पाच महिने, रोज दोन. पोटातली जळजळ ही त्याची पहिली पावती. ते रक्तदाब वाढवतं, म्हणजे तुमची एक गोळी दुसरीच्या विरुद्ध काम करते आहे. तुमच्या ब्लडप्रेशरच्या पाकिटावर टेल्मिसार्टन किंवा त्याच कुळातलं नाव असेल आणि सोबत लघवी वाढवणारं औषध असेल, तर डायक्लोफिनॅक मिळून हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार वाईट. क्रिएटिनिन तपासून घ्या. शौच काळं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. डॉक्टर भेटेपर्यंत दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का, हे त्यांना फोनवर विचारलंत तरी पुरे. फार्मसीच्या काउंटरवरचा माणूस मदत म्हणूनच पाकीट पुढे करतो, पण त्याला तुमच्या बाकीच्या गोळ्या ठाऊक नसतात.

हे झालं निकडीचं. आता तुमच्या मुलाचा मुद्दा. तो मला खरोखर आवडतो, आणि त्याला ‘सगळं भंपक’ म्हणून उडवून लावणं मला जमणार नाही.

फ्लेवोनॉइड म्हणजे झाडांनी स्वतःसाठी बनवलेली रसायनं: उन्हापासून बचावायला, किडीला हाकलायला, फुलांना रंग द्यायला. आजवर सहा हजारांहून जास्त सापडली आहेत. लाल कांद्यात क्वेर्सेटिन, मोसंबीच्या सालीत हेस्पेरिडिन, चहात कॅटेचिन. ते कॅटेचिन नाव कशावरून आलं माहीत आहे? कातावरून. खैराचा कात, विड्यात लावतो तोच. जाहिरातींत याच टोपलीत हळदही कोंबतात, पण हळदीतलं करक्युमिन फ्लेवोनॉइड नव्हे. ते वेगळ्या घराण्यातलं.

सुजेचं दुखणं कसं तयार होतं ते थोडक्यात सांगते. पेशीला इजा झाली की तिच्या पापुद्र्यातून एक मेदाम्ल सुटतं, सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं, आणि त्याने तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. म्हणून सुजलेल्या मनगटावर बांगडीचा धक्काही कळ काढतो. एरवी तो जाणवलाही नसता. अ‍ॅस्पिरिन याच विकराला अडवतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डायक्लोफिनॅकही तिथेच घाव घालतं. पण पोटाचं अस्तर सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिनही त्याच कारखान्यात बनतं. जळजळ तिथून येते.

फ्लेवोनॉइडचं आकर्षण असं, की प्रयोगशाळेत ती एकाच ठिकाणी न थांबता या सगळ्या साखळीवर थोडा थोडा हात फिरवतात. ते विकर मंदावतं. सुजेचे हुकूम सोडणारी पेशीतली मुख्य कळ, एनएफ-कप्पा-बी, दबते, आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन ही निरोप्यांची फौज कमी होते. जळजळ वाढवणारे ऑक्सिजनचे उपद्रवी कण शमतात. पोट न जाळता दुखणं कमी करणारं औषध यातून निघेल, ही आशा खुळी नाही.

मग अडतं कुठे? जाहिरातीतल्या उंदरांपाशी. ते उंदीर मी जवळून पाहिले आहेत.

प्रयोग १९६२ पासून जवळजवळ तसाच चालत आला आहे. समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं कॅराजिनन असतं. आइस्क्रीमला दाटपणा आणायला वापरतात तेच. त्याचं एक टक्क्याचं द्रावण, एका मिलिलिटरचा दहावा भाग, पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात टोचायचं. त्याआधी घोट्यापाशी मार्कर पेनाने रेघ ओढायची. मग दर तासाने पंजा बरोबर त्या रेघेपर्यंत पाऱ्याच्या नळीत बुडवायचा आणि पारा किती चढला ते लिहायचं. तीन-चार तासांत सूज शिखराला पोचते. पंजा गुलाबी, चकचकीत, टम्म. उंदीर तो टेकवत नाही, पोटाशी धरून बसतो. माझ्या विद्यार्थिनीने एका पानाचा अर्क दिलेल्या उंदरांची सूज खरंच कमी निघाली होती. केवढा आनंद झाला होता आम्हाला!

वही परत वाचताना माझं लक्ष वेळांच्या रकान्याकडे गेलं. अर्क ९ वाजता. कॅराजिनन १० वाजता. औषध आधी, दुखणं नंतर! असले कितीतरी प्रयोग असेच होतात. काहींत तर औषध तोंडाने न देता थेट पोटाच्या पोकळीत टोचलेलं असतं. तुमची सूज पाच महिन्यांची, उंदराची पाच तासांची. सूज येण्यापूर्वी तासभर आधी कॅप्सूल घ्यायची सोय तुम्हाला कुणी दिली होती? शिवाय उंदराचा डोस वजनाच्या प्रमाणात सरळ माणसाला लावता येत नाही, साधारण सहाने भागावा लागतो. जाहिरातवाले आपल्या सोयीने कधी भागतात, कधी नाही.

काचेच्या नळीतल्या प्रयोगांची आणखी एक खोड आहे. काही रसायनं दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, चाचणीचा रंगच बिघडवतात, आणि प्रत्येक आजारावर गुणकारी असल्यासारखी दिसतात. औषध शोधणाऱ्यांनी २०१० मध्ये अशा लबाड रसायनांची ओळख पटवायच्या खुणा प्रसिद्ध केल्या. क्वेर्सेटिनची रचना त्या खुणांत बसते. त्या गटाचं इंग्रजी लघुरूप काय, तर ‘पेन्स’ (PAINS), म्हणजे दुखणी. दुखण्याच्या औषधाला यापेक्षा टोचरं नाव कुणी ठेवलं नसतं.

आणि पोटात गेल्यावर? १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये एक सुरेख प्रयोग झाला होता, मोठं आतडं काढून टाकलेल्या लोकांवर, म्हणजे शोषलं किती आणि उरलं किती ते नीट मोजता यावं. शुद्ध क्वेर्सेटिनपैकी सुमारे २४ टक्के शोषलं गेलं. कांद्यातल्यापैकी ५२ टक्के! कांद्यात ते साखरेच्या कणाला जोडलेलं असतं आणि आतड्याला ते रूप ओळखीचं. म्हणजे स्वयंपाकघरात छताला टांगलेली कांद्यांची माळ या एका बाबतीत पुण्याच्या बाटलीला भारी पडली. पण लगेच हुरळून जाऊ नका. किलोभर लाल कांद्यात क्वेर्सेटिन असतं तीनेकशे मिलिग्रॅम. तुमच्या एका कॅप्सूलएवढं मिळवायला दीड-दोन किलो कांदा रोज खावा लागेल, मग वर्गात मुलं पहिल्या बाकावर बसायची नाहीत. शोषलेलंही रक्तात मोकळं फिरत नाही. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसरे कण जोडून बांधून टाकतात, म्हणून नळीत जे पाहिलं ते सांध्यात घडेलच असं नाही. काही संशोधक म्हणतात की सुजलेल्या जागी पांढऱ्या पेशी तीच गाठ सोडवतात आणि क्वेर्सेटिन नेमकं तिथेच मोकळं होतं. तर्क देखणा आहे. औषध ठरायला त्याला अजून बरीच वाट चालायची आहे.

माणसांवरचा पुरावा अगदीच नाही असंही नाही, आणि मुलाच्या बाजूने हे सांगायलाच हवं. इराणमध्ये आमवात असलेल्या ५० बायकांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, अर्ध्यांना दिसायला तशीच पोकळ गोळी, आठ आठवडे. क्वेर्सेटिनवाल्यांचा सकाळचा आखड आणि दुखणं कमी झालं, टीएनएफ-अल्फाही उतरलं. चांगली बातमी आहे. पण पन्नास बायका आणि दोन महिने! हाड कुरतडणं थांबतं का, हे कळायला वर्षं लागतात, आणि तुमच्या हातांकडे ती वर्षं नाहीत.

फ्लेवोनॉइडचं खरंखुरं औषध झालेलंही आहे. मूळव्याध आणि पायांच्या शिरा फुगण्यावर डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी आपल्याकडचे डॉक्टर नेहमी लिहून देतात. लिंबूवर्गीय सालीतला माल, इतका बारीक दळलेला की आतड्याने शोषावा. उलट बाजूही बघा. अमेरिकेत सांध्यांच्या झिजेसाठी फ्लेवोकॉक्सिड नावाचं मिश्रण विकत होते, एका चिनी मुळीतलं बायकॅलिन आणि खैरातलं कॅटेचिन. ‘नैसर्गिक’च. २०१२ मध्ये ते घेणाऱ्या चौघांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल आला, काहींच्या फुफ्फुसांनाही त्रास झाला, आणि २०१७ च्या अखेरीस तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, लोकांना ते थांबवायला सांगितलं. पानाला लावलेला कात आणि रोज दोनदा गिळलेला त्याचा सत्त्वांश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा कॅप्सूल आत्ता सुरू करू नका. रक्त तपासण्याआधी तर नकोच, कारण थोडा जरी आराम पडला तरी तुम्ही बांबोळीची फेरी पुढे ढकलाल. मी तुम्हाला ओळखत नाही, पण शिक्षिकांना ओळखते. परीक्षा, स्नेहसंमेलन, सगळं झाल्यावर स्वतःचं. बाटली मात्र फेकू नका. ती, डायक्लोफिनॅकचं पाकीट, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. आमवाताची औषधं बसली की मग हवं तर त्यांना विचारून ठरवा. मुलाला सांगा, पैसे वाया गेले नाहीत, थांबलेत.

वहिनींची निर्गुडी. तिच्या पानांत कॅस्टिसिनसारखी फ्लेवोनॉइडं आहेत, आणि सुजेवर ती वापरायची रीत जाहिरातींपेक्षा कितीतरी जुनी आहे. पानं गरम करून मनगटावर शेकायला माझी काहीच हरकत नाही. कातडीवर पुरळ आलं तर थांबा. काढा पोटात घ्यायचा असेल तर मूठ-दोन मुठीच्या अंदाजाने नको. वैद्यांकडे जा. आता धारगळला आयुर्वेदाची मोठी सरकारी संस्था आहे, तिथे जा आणि तिथेही तीच पिशवी ओता. जत्रेत कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पावडरीपासून मात्र चार हात लांब राहा. दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. असा माल याआधी पकडला गेला आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीवरून आठवलं. ती अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन असेल तर पपनसाच्या दिवसांत जरा जपून. ग्रेपफ्रूटने औषधं रक्तात वाढतात हे १९८९ मध्ये लक्षात आलं, तेव्हा संशय त्यातल्या नॅरिंजिन या फ्लेवोनॉइडवर घेतला होता. पुढे खरा गुन्हेगार फ्युरानोकुमरिन निघाला. पपनस ग्रेपफ्रूटचंच भावंड, त्यातही तो आहे. चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला, त्या फळांच्या छताला, बांधा. उतरवल्यावर अख्खं एकटीने संपवू नका.

राहता राहिल्या सासूबाई आणि सोलकढी. आंबट खाल्ल्याने आमवात होतो किंवा वाढतो याला आधार नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे तोही फ्लेवोनॉइडच. खात्री करायची तर वर्गात मुलांना दाखवा: भिजवलेल्या सोलांचं पाणी दोन पेल्यांत घ्या, एकात चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रंग बघता बघता जांभळट-निळसर होऊन मळतो. तो रंग इतका नाजूक, आणि आतड्यातून शोषला जातो तो अगदी किंचित, म्हणून सोलकढीने सांधे बरे होतील असंही मी म्हणणार नाही. फक्त सोलं आणि आगळ (कोकमाचा दाट रस) दोन्ही मिठात मुरलेली असतात आणि तुम्हाला ब्लडप्रेशर आहे, तेव्हा वरून मीठ घालू नका. नारळ काही दिवस घरात दुसऱ्या कुणाला तरी खवायला सांगा. सासूबाईंना नको, मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा त्याला बसवा आदोळीवर.